सहावं घर

ही गेली त्या मंगळवारी सकाळी मी एका खानावळीच्या फ्रीजरमध्ये खांद्यापर्यंत आत होतो. मागचा पंखा बर्फाने धरला होता आणि तो सोडवत होतो. फोन खिशात वाजला. हात मोकळे नव्हते म्हणून खानावळीच्या मालकाने तो काढून माझ्या कानाला लावला.

"काका, ग्राउंडवर या," दादा म्हणाला. दादा म्हणजे हिचा, माझ्या बायकोचा, रग्बी संघातला साहाय्यक. संघातल्या मुली त्याला दादा म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो.

"कोण पडलं?" मी विचारलं.

तो मग म्हणाला, "तुम्ही या फक्त."

मला वाटलं, कुठल्या तरी पोरीचा पाय मोडला. हे आमचं नेहमीचंच होतं. सामन्यांना ॲम्ब्युलन्स असते, सरावाला नसते. सरावात कुणाचा खांदा निखळला की माझी व्हॅन बोलावली जायची, कारण तिच्यात माणूस आडवा मावतो. मी खाली आलो. गॅसचे सिलिंडर, जुना कॉम्प्रेसर, शिडी, हत्यारांच्या दोन पेट्या असं सगळं फुटपाथवर काढलं. मागे चादर अंथरली. पोरीला टोचू नये म्हणून सुरकुत्या काढून अंथरली. यात दहा-बारा मिनिटं गेली असतील.

पोचलो तेव्हा हिला दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून नेलं होतं. तेरा मुली मैदानाच्या कडेला उभ्या होत्या आणि एकीलाही माझ्याकडे बघवत नव्हतं. तेव्हा मला कळलं.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. "दहा-पंधरा मिनिटांनी काही फरक पडला नसता," हेही ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

ही नऊ वर्षं देशाच्या मुलींच्या रग्बी सेव्हन्स संघाची प्रशिक्षक होती. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही लग्नाआधी माहीत नव्हता. मैदान मोठ्या रग्बीचंच, पण पंधराच्या जागी एका बाजूला सातच खेळाडू. सात-सात मिनिटांचे दोन डाव. चेंडू मागेच फेकायचा, पुढे पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला की गुण. चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडायचं, ते टॅकल. एका दिवसात दोन-तीन सामने. ही म्हणायची, "चौदा मिनिटांत माणूस खोटं बोलू शकत नाही. दम तेवढा पुरत नाही."

मूळची ही चारशे मीटर धावणारी. नंतर शाळेत खेळाची बाई झाली. संघटनेने मुलींचा संघ करायचं ठरवलं तेव्हा दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून हिला बोलावलं. हिने धावणाऱ्या, हँडबॉलवाल्या, एक-दोन कुस्तीवाल्या अशा मुली गोळा केल्या. पहिल्या स्पर्धेत पाच सामने, पाच पराभव. एका सामन्यात तर समोरचं खातं पन्नासच्या पुढे गेलं आणि आमचं उघडलंच नाही. परतल्यावर एका वार्ताहराने विचारलं, "या दौऱ्यातून काय मिळालं?" ही म्हणाली, "सर्दी." छापून आलं तसंच.

चौथ्या वर्षी तिसरा क्रमांक आला. सहाव्या वर्षी दुसरा. सातव्या आणि आठव्या वर्षी पहिला. सत्कार झाले, शाली मिळाल्या, एका मोठ्या माणसाने हिच्या हातात चषक देताना हिला दुसऱ्याच नावाने हाक मारली. ही हसली आणि घेतला. घरात ते चषक कपाटावर ठेवलेत. धूळ पुसायचं काम माझ्याकडे, कारण हिचा हात पुरत नसे. हिची उंची पाच फूट एक इंच.

लोक विचारायचे की एवढं यश कशामुळे. ही काहीतरी सांगायची, मेहनत वगैरे. माझ्या मते एक गोष्ट होती, आणि तिच्यात माझाही हात होता म्हणून ती मी नीट सांगू शकतो.

स्पर्धेआधीच्या शिबिरात अठरा मुली असतात. जातात बारा. सहा जणींना घरी बसायचं असतं. इतर ठिकाणी यादी लावतात किंवा मोबाइलवर पाठवतात. हिने नऊ वर्षांत एकदाही यादी लावली नाही. जिला काढायचं तिच्या घरी ही स्वतः जायची. तिच्या समोर बसून, तिच्या घरच्यांसमोर सांगायची. तू बारामध्ये नाहीस, का नाहीस, आणि काय केलंस तर असशील. फोनवर नाही, ग्राउंडवर नाही, घरीच. जिच्याकडे गेली नाही ती बारामध्ये.

याचं कारण असं की एकोणीस वर्षांची असताना हिला रिले संघातून काढलं होतं. यादी कॅन्टीनच्या दारावर चिकटवली होती. ही हातात जेवणाचा ट्रे घेऊन यादी वाचत होती आणि मागून वाढपी म्हणाला, "अगं, तुझं नाव नाही वाटतं यात. भाजी देऊ का अजून?" ही म्हणायची, त्या माणसाचा राग नाही, तो एकटाच बोलला तरी.

हिला गाडी चालवता येत नव्हती. म्हणून मी न्यायचो. आमची पांढरी व्हॅन, दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'फ्रिज, फ्रीजर, कूलर दुरुस्ती'. त्यामुळे मुलींमध्ये माझं नाव पडलं फ्रिजकाका. निवडीचा आठवडा आला की त्या एकमेकींना विचारायच्या, "गाडी निघाली का गं?" गाडी दारात आली म्हणजे संपलं. एकीच्या बापाने तर गल्लीच्या तोंडालाच मला हात केला आणि म्हणाला, "आमचा फ्रिज उत्तम चाललाय, मागे फिरा." मग खिडकीतून आत बघितलं, ही बसलेली. तो म्हणाला, "या वहिनी," आणि गाडीच्या पुढे पुढे चालत घरापर्यंत गेला.

एकदा मी खरंच फ्रिज दुरुस्त करायला एका इमारतीत गेलो. तिसऱ्या मजल्यावर आमच्या संघातली एक मुलगी राहते हे माझ्या ध्यानात नव्हतं. मी चौथ्या मजल्यावरचं काम करून खाली उतरलो तर तिची आई पायरीवर बसून रडत होती आणि मुलगी पाठमोरी भिंतीला डोकं लावून उभी. मी म्हटलं, "अहो, वरच्यांचा थर्मोस्टॅट गेलाय." आईने डोळे पुसले आणि मला अशा शिव्या दिल्या की मी इथे लिहीत नाही. हिला सांगितलं तर ही दोन दिवस हसत होती.

पण खरं काम गाडीत व्हायचं. त्या मुलीचं घर एका वळणावर आलं की मला गाडी थांबवायला सांगायची आणि आधी मला सांगून बघायची. मी ती मुलगी व्हायचं.

"तू बारामध्ये नाहीस," ही म्हणायची.

"का पण मॅडम?" मी म्हणायचो.

"तुझा डावा खांदा टॅकलला जात नाही. तू उजव्यावरच जातेस. समोरच्यांना आता ते कळलंय."

"मी करीन ना सराव."

"करशील. सहा आठवड्यांत होणार नाही. सहा महिन्यांत होईल."

असं चालायचं. मी रडायचोसुद्धा, म्हणजे तसा आवाज काढायचो. ही म्हणायची, "एवढं नको, ती तुझ्यापेक्षा खमकी आहे." नियम असा होता की माझे प्रश्न संपेपर्यंत ही गाडीतून उतरायची नाही. एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर आत जायचा आपल्याला हक्क नाही, असं हिचं म्हणणं. मला आयुष्यात पन्नासेक वेळा राष्ट्रीय संघातून काढलंय. दर वेळी मी शेवटी गप्प झालोय.

शेवटच्या आठवड्यात पाच घरं झाली होती. सहावं घर खिळ्याचं होतं.

खिळा म्हणजे आमची कॅप्टन. मैदानात एका जागी उभी राहिली की कुणाच्या बापाला हलत नाही म्हणून हे नाव. पहिल्या वर्षापासून हिच्याबरोबर असलेली आता ती एकटीच. आमच्या घरी जेवायची, झोपायची. आमची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून तिची खोली जवळजवळ खिळ्याचीच. मला म्हणायची, "काका, तुमच्या हातची पोळी म्हणजे टॅकल करायची गोष्ट आहे."

सोमवारी संध्याकाळी तिच्या गल्लीच्या अलीकडे, धोब्याच्या दुकानापाशी, हिने मला गाडी थांबवायला सांगितली तेव्हा मला वाटलं, सहज भेटायला आलोय.

"तू बारामध्ये नाहीस," ही म्हणाली.

मी हिच्याकडे बघत राहिलो. "कोण?"

"सुरू कर," ही म्हणाली.

कारण असं होतं. वर्षभरात खिळ्याच्या डोक्याला तीनदा मार लागला होता. दोनदाचा सगळ्यांना माहीत, तिसऱ्यांदाचा तिने लपवला. मागच्या महिन्यात एका सराव सामन्यात आपटल्यावर ती उठली आणि समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दोनच सेकंद. मग भानावर आली आणि असं दाखवलं की मुद्दाम गंमत केली. सगळे हसले. ही हसली नाही. त्यानंतर ही तिच्यावर लक्ष ठेवून होती. सांगितलेली चाल ती विसरायची आणि दुसरीला आधी करू द्यायची, मग बघून करायची.

"पण डॉक्टरांची चाचणी असते ना?" मी माझ्याच आवाजात विचारलं.

"पास झाली. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची घेतात, शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे सांगायचे. नंतर मार लागला की त्याच्याशी ताडून बघतात. तिने सुरुवातीलाच मुद्दाम चुका करून ठेवल्यात. म्हणजे आता चुकली तरी फरक दिसत नाही."

"मग तू सांग डॉक्टरांना."

"सांगणार. पण आधी तिला. तिच्या पाठीमागून नाही." मग म्हणाली, "तिच्या जागी धाकटी जाईल. संघात सगळ्यात लहान आहे पण तिला तीन मिनिटं दिली तरी पुरेत. चल, खिळा हो."

मी झालो. त्या दिवशी मी खरोखर भांडलो. मला राग आला होता. मी म्हटलं, "मॅडम, नऊ वर्षं दिली मी. मला ही एकच स्पर्धा द्या." हिच्याकडे उत्तर होतं. मी म्हटलं, "माझं डोकं आहे, मी ठरवीन." त्यालाही उत्तर होतं, फार चांगलं. मी म्हटलं, "दोन मार तुम्ही बघितले होते. तेव्हा मला का नाही बसवलं? तेव्हा फायनल होती म्हणून?"

ही समोरच्या काचेतून बघत राहिली. धोब्याने दुकानाचं अर्धं शटर ओढलं.

"उत्तर द्या ना मॅडम," मी म्हटलं.

ही म्हणाली, "चल घरी. उद्या जाऊ."

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी जिंकलो होतो. सांगायला लाज वाटते, पण घरी येताना मला बरं वाटत होतं. मी शीळ घालत होतो. ही म्हणाली, "बंद कर ते." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ही मैदानाच्या कडेला खाली बसली ती बसलीच.

तिसऱ्या दिवशी घरात माणसं होती. आमची मुलगी आली होती. खिळा आल्यापासून गेलीच नव्हती. ती स्वयंपाकघरात उभी राहून कप धूत होती, आलेल्यांना चहा देत होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर ती म्हणाली, "काका, एक सांगू?"

"सांग."

"शेवटच्या आठवड्यात मला जाम भीती वाटत होती. का ते विचारू नका. रोज खिडकीतून बघायचे गाडी येते का." तिने कप उपडा ठेवला. "आली नाही. मॅडमनी मला ठेवलं. आता तेवढंच धरून आहे मी."

मी पाणी प्यालो. बाहेर आलो तर दादा हिची वही घेऊन बसला होता. त्याला मी ओळखतो, वाईट माणूस नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"काका, हे बघा," तो म्हणाला. "अठरा नावं. ज्यांना सांगून झालं त्यांच्यावर फुली. पाच फुल्या आहेत. राहिल्या तेरा. यादी उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे. सहावी कोण? शेवटी काही बोलल्या का तुमच्याशी?"

आत नळ चालू होता. मग बंद झाला.

"नाही," मी म्हटलं. "काही बोलली नाही."

त्याने बोट यादीवरून खाली आणलं. "मग धाकटीच. तिला अजून एक वर्ष पाहिजे, असं मॅडम मागे म्हणाल्या होत्या." ते खरं होतं. एक वर्षापूर्वी म्हणाली होती. "काका, मी विचार करत होतो, फोन नको करायला. त्यांची पद्धत मोडायला नको. तुम्ही गाडी काढाल?"

मी काढली.

धाकटी एकोणीस वर्षांची. तिची आई बाहेरच्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. आम्ही गल्लीत वळलो आणि मशीनचा आवाज थांबला. गाडी थांबायच्या आत आई दारात होती. हातात शर्टाची कॉलर तशीच.

"या," ती म्हणाली. "या काका. वाईट झालं फार."

आम्ही बसलो. खुर्च्यांवर न शिवलेल्या बाह्यांचे गठ्ठे होते, ते तिने जमिनीवर ठेवले. धाकटी आतून आली. केस ओले होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे, आणि तिला कळलं. ती आईच्या मशीनजवळ स्टुलावर बसली.

दादाला सांगता आलं नाही नीट. त्याने गाडीत सराव केला नव्हता आणि मी करून घेतला नव्हता. तो हातातल्या मोबाइलकडे बघत म्हणाला, "तू बारामध्ये नाहीस यावेळी." मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "मॅडमचंच ठरलं होतं तसं."

धाकटी मला म्हणाली, "काका, मॅडम असं म्हणाल्या होत्या?"

आई कॉलरच्या दोऱ्याला बोटाने गुंडाळत होती.

"हो," मी म्हटलं.

"का, ते सांगितलं का? काय सुधारू?"

मी काहीतरी बोललो. वेग वाढव म्हटलं. संघातली सगळ्यात वेगवान मुलगी ती.

"बरं," ती म्हणाली. "मग ठीक आहे. मॅडमनी ठरवलं असेल तर ठीक आहे."

निघताना आई दारापर्यंत आली. म्हणाली, "बघा, त्या गेल्या तरी पद्धत राहिली. बाकी कोण येतं हो घरी सांगायला." आम्ही गाडीत बसलो तरी मशीन सुरू झालं नाही. वळणापर्यंत मी कान देत होतो.

दादा म्हणाला, "अवघड असतं हे."

मी म्हटलं, "हो."

स्पर्धा आमच्या मुलीने तिच्या लॅपटॉपवर लावली. ती रजा वाढवून थांबली होती. पहिल्या दिवशीचे तिन्ही सामने आम्ही जिंकले. मुलींच्या दंडावर काळी फीत होती. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात, दुसऱ्या डावात, खिळा एका दांडग्या पोरीला आडवी गेली आणि तिचा गुडघा खिळ्याच्या कानामागे बसला. ती पडली. उठली. हात वर करून ठीक आहे म्हणून दाखवलं. मग चालत गेली आणि समोरच्या संघाच्या रांगेत उभी राहिली.

एका मुलीने जर्सीला धरून तिला ओढून आणलं. समालोचक म्हणाला, भावना अनावर झाल्यात कॅप्टनच्या, आणि कोणाला नाही होणार. डॉक्टर आत आले, काही विचारलं, तिने उत्तरं दिली, ते बाहेर गेले.

मी खुर्चीवरून उठलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, काय झालं?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. उपांत्य सामना संपला, फायनल सुरू व्हायला अडीच तास होते, तेवढ्यात सांगून झालं.

"फोन करा," ती म्हणाली. "दादाला आत्ता फोन करा."

"फोनवर सांगायचं नसतं. तुझी आई..."

"आई घरी जाऊन सांगायची, बाबा. तुम्ही सांगतच नाही आहात. आईची पद्धत तुम्हाला लपायला बरी सापडलीय."

ती स्वतः दादाला फोन लावत राहिली. त्याचा फोन बंद होता. सामन्याच्या दिवशी संघातल्या सगळ्यांचे फोन बंद ठेवायचे, हा हिचाच नियम.

फायनल आम्ही जिंकलो. शेवटच्या मिनिटाला खिळ्याने कोपऱ्यात जाऊन चेंडू टेकवला. नंतर सगळ्या मुली हिचा फोटो धरून उभ्या राहिल्या. खिळा मध्ये होती आणि उन्हाकडे बघावं तशी डोळे बारीक करून बघत होती. मैदानावर ढग होते.

संघ परतल्यावर मी दादाकडे गेलो. सगळं नाही सांगितलं, एवढंच म्हटलं की खिळ्याचं डोकं एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखव.

"काका, चाचणी पास आहे ती," तो म्हणाला. "सामन्यातही पास, नंतरही पास."

"सुरुवातीच्या चाचणीत मुद्दाम चुकली असेल तर?"

"कोण म्हणतं?"

मी व्हॅनची किल्ली खिशातून काढली आणि परत ठेवली.

"काका, आत्ता तिला हात लावला तर लोक मला फाडून खातील. मॅडमच्या माघारी मॅडमची कॅप्टन बसवली म्हणतील. आणि मॅडमना तसं वाटलं असतं तर त्यांनी मला सांगितलं नसतं का? निदान तुम्हाला तरी?"

मागच्या रविवारी मी खिळ्याच्या घरी गेलो. बसने गेलो. गाडी बघून ती दचकू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे गाडी नेली असती तर मला बोलावंच लागलं असतं.

ती एकटीच होती. भाऊ-वहिनी बाहेर गेले होते. दुपार होती तरी पडदे ओढलेले होते. म्हणाली, उजेड टोचतो सध्या, झोप कमी झालीय.

"चहा टाकू काका?"

"टाक."

तिने चहा केला. आम्ही प्यालो. तिने फायनलची गोष्ट सांगितली. शेवटचा चेंडू तिने डाव्या कोपऱ्यात टेकवला असं सांगितलं. मी उजव्या कोपऱ्यात बघितला होता. मी हिच्याबद्दल बोललो. खिळ्याने हिची नक्कल करून दाखवली, कमरेवर हात ठेवून, "पळताय की वऱ्हाडात चाललाय?" अगदी हिच्यासारखी. मला हसू आलं. ही गेल्यापासून पहिल्यांदाच मी हसलो असेन.

ती हसता हसता उठली आणि म्हणाली, "चहा टाकू काका?"

दोन्ही रिकामे कप आमच्या मध्ये टेबलावर होते.

मी म्हटलं, "टाक."

दुसरा चहाही प्यालो. निघताना ती जिन्यापर्यंत आली. कठड्याला धरून उतरली. म्हणाली, "बसने कशाला आलात? गाडी आणायची ना. आता घाबरत नाही मी गाडीला. आता कोण काढणार मला?"

"काळजी घे," मी म्हटलं आणि आलो.

त्यानंतर मी दोनदा व्हॅन घेऊन धोब्याच्या दुकानापर्यंत गेलो. गाडी थांबवली. ही म्हणायची तसं मोठ्याने म्हणून बघितलं, "तू बारामध्ये नाहीस." बाजूची सीट रिकामी असली की ते वाक्य फार लवकर संपतं. मग मीच खिळा होतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला येतात, हिने दिलेली आठवतात. तिसऱ्याला येऊन थांबतो. त्या सोमवारची रात्र हिने त्यावर विचार केला असणार. ही जागी होती, मला कूस बदलल्याचं कळत होतं. सकाळी ग्राउंडवर जाताना दारात चपला घालताना म्हणाली, "संध्याकाळी लवकर ये, खिळ्याकडे जायचंय." म्हणजे हिला उत्तर सापडलं होतं. मी विचारलं नाही काय ते. मला वाटलं, संध्याकाळी गाडीत ऐकीन.

आमची मुलगी रोज फोन करते आणि पहिला प्रश्न तोच विचारते. मी म्हणतो, उद्या. ती म्हणते, मग मी येऊन सांगते. मी म्हणतो, नको, माझं काम आहे ते.

पुढचं शिबिर सोमवारी सुरू होतं. खिळा कॅप्टन आहे. धाकटीने दादाला कळवलंय की ती यापुढे येणार नाही, आईला शिवणात मदत करणार आहे.

आज शुक्रवार. खिळ्याला मी अजून सांगितलेलं नाही. धाकटीलाही नाही.